निजाम पेंटर आणि मिशीवाला जंतू

जव्हारच्या बाजारात दुकानाची पाटी रंगवून घ्यायची म्हटली की लोक निजाम पेंटरचं नाव सांगायचे आणि लगेच पुढे म्हणायचे, "पण घाई असेल तर जाऊ नका बुवा." निजामला एक खोड होती. जी वस्तू त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नाही, ती तो रंगवत नसे. दुधाच्या दुकानावर म्हैस हवी असेल तर तो आधी गोठ्यात जाऊन बसायचा, शिंगं कशी वळलीत ते बघायचा, म्हशीशी जरा ओळख झाली की मग ब्रश हातात घ्यायचा. एका न्हाव्याला आरशाच्या वर समुद्र हवा होता. निजामनं समुद्र पाहिला नव्हता. तो सरळ एस.टी.त बसला, डहाणूला गेला, दिवसभर लाटा बघत वाळूत बसला आणि खाऱ्या पाण्यानं कडक झालेला पायजमा घालून परत आला.

त्याची बायको शहरबानो दारातच म्हणाली, "नशीब, न्हाव्यानं चंद्रावरचा डोंगर नाही मागितला!"

शहरबानो ही काकणवाल्याची मुलगी. लहानपणी बापाबरोबर गावोगावच्या बाजारांत काकणं विकत फिरलेली. त्यामुळे तिला डोंगरातल्या वाड्यांची बोली येत होती, आणि कुणाचीही नक्कल करता येत होती. कचेरीतला कारकून कसा खोकतो, कोंबडी अंडं घातल्यावर शेजारणीला काय सांगते, हे ती भाकऱ्या थापता थापता करून दाखवायची. निजाम स्वभावानं अबोल. दोघांचं छान चाललं होतं. ती बोलायची, तो बघायचा.

हे सगळं सत्तर सालाच्या मागेपुढे. मोखाड्याच्या वाटेवर एक आरोग्य केंद्र नवीन झालं होतं आणि तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. पावसाळा सुरू झाला की वाड्यावाड्यांतून जुलाबाचे रोगी यायचे. बाई औषध देऊन थकल्या. पाणी उकळून प्या, असं ज्याला त्याला सांगून त्यांचा घसा बसला. शेवटी त्यांनी ठरवलं की केंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर मोठं चित्र काढून घ्यायचं, आणि निजामला बोलावणं धाडलं.

निजाम रंगांचे डबे घेऊन आला. मागच्या ओहोळातून ब्रश भिजवायला डबाभर पाणी आणलं, भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "काय काढायचं, बाई?"

"जंतू."

"दाखवा."

बाईंना वाटलं तो थट्टा करतोय. पण निजाम हात बांधून उभाच राहिला. मग बाईही हसल्या. त्यांनी आतून सूक्ष्मदर्शक आणून खिडकीपाशी टेबलावर ठेवला, खालचा छोटा आरसा फिरवून उन्हाची तिरीप वर घेतली, निजामच्याच डब्यातल्या पाण्याचा एक थेंब काचेवर टाकला आणि म्हणाल्या, "या. एक डोळा मिटा."

निजामनं डोळा लावला. आधी त्याला फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या. मग उजेडाचा एक गोल दिसला. आणि मग त्या गोलात एक चप्पल पोहत आली. पाय नसलेली, एकटीच, भलत्या घाईत. ती कशालातरी धडकली, मागे सरली, वळली आणि पुन्हा निघाली. तिच्यामागून दुसरी आली. एका कोपऱ्यात उलट्या धरलेल्या घंटेसारखं काहीतरी देठावर डोलत होतं, आणि मध्येच दचकल्यासारखं देठ आखडून बसत होतं.

"या अल्ला," निजाम म्हणाला, "हा तर सोमवारचा बाजार आहे!"

तो उठेचना. बाई दुसरी कामं करून आल्या, तरी तो तिथेच. मध्येच स्वतःशी हसत होता. "बाई, हा एक गडी आहे, त्याला आकारच नाही. कढीत पीठ सुटावं तसा पसरतोय. ह्याचं तोंड कुठल्या बाजूला?"

"तो अमीबा. जिकडे खायला असेल तिकडे त्याचं तोंड."

"असे आमच्या जव्हारातही बरेच आहेत," निजाम म्हणाला. मग एकदम त्याचं हसू थांबलं. त्यानं डोळा वर काढून डब्याकडे पाहिलं. "बाई, सकाळी एस.टी.तून उतरल्यावर मी ह्याच ओहोळाचं पाणी प्यालो."

"मग त्यांतली काही मंडळी आत्ता तुमच्याबरोबर आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या.

निजामनं हळूच पोटावर हात ठेवला. बाईंनी मग त्याला समजावून सांगितलं, की हे जे बागडताना दिसतात ते बहुतेक गरीब स्वभावाचे. त्रास देणारे ह्यांच्याहून कितीतरी लहान, काडीसारखे नाहीतर टिंबासारखे. रंग दिल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत. एका काचेवर जांभळ्या रंगात रंगवलेले तसे जंतू त्यांनी त्याला दाखवले. रंग दिल्याशिवाय दिसत नाहीत, ही गोष्ट निजामला फार आवडली. म्हणजे बाईही आपल्याच धंद्यातल्या, असं त्याला वाटलं. एव्हाना औषधाला आलेली माणसं त्याच्यामागे रांग लावून उभी होती. प्रत्येकाला तो बाजार बघायचा होता.

घरी आल्यावर त्यानं शहरबानोला सगळं सांगितलं. एरवी मोजकं बोलणारा माणूस हातवारे करत, पोहून दाखवत बोलत होता. ती ऐकत राहिली. मग उठून तिनं माठातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि चुलीवर चढवलं.

निजाम पातेल्याजवळ जाऊन बसला. पाण्याला बुडबुडे यायला लागले तसा त्याचा चेहरा पडला. "अख्खा बाजार उकळतेस तू. दुकानांसकट."

"मग काय करू? पोटात घ्या आणि सांभाळा सगळ्यांना," शहरबानो म्हणाली. "वरून मला सांगाल, बानो, पाहुणे आलेत, भात वाढव."

दुसऱ्या दिवसापासून भिंत रंगायला लागली. निजामची अडचण एवढीच होती, की काडीसारखा जंतू काढला तर तो काडीसारखाच दिसत होता. येणारे-जाणारे विचारायचे, "पेंटरभाऊ, दातवणाची काडी काढलीय का?" तेव्हा त्यानं काडीला डोळे दिले. तरी रंगत येईना, म्हणून मिशी दिली. मिशी आल्यावर तो जंतू कुणीतरी झाला. मग त्याच्या हातात पत्र्याची ट्रंक आली, डोक्यावर टोपी आली. बघता बघता भिंतीवर गोष्ट उभी राहिली. मिशीवाला जंतू ओहोळातून निघून हंड्यात उतरतो. हंड्यातून पेल्यात. पेल्याच्या काठावर उभा राहून विचारतो, "पोटाकडची गाडी कुठून सुटते?" आणि शेवटच्या चित्रात हंडा चुलीवर, खाली जाळ, आणि जंतू ट्रंक टाकून, टोपी सांभाळत उड्या मारतोय.

बाजाराच्या दिवशी भिंतीपुढे गर्दी झाली. ज्याला वाचता येत होतं तो मोठ्यानं वाचायचा, बाकीचे हसायचे, आणि हसून झालं की आत जाऊन बाईंना विचारायचे, पाणी किती वेळ उकळायचं. बाई खूश झाल्या. निजामही खूश झाला.

आणि मग ठाण्याहून एक साहेब तपासणीला आले.

साहेबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. ते हसले नाहीत. "सरकारी भिंतीवर तमाशा मांडलाय काय? हा रोगजंतू आहे की नवरदेवाचा मामा? जंतू बघून माणसाच्या काळजात धडकी भरली पाहिजे. बदला हे."

बाई काहीतरी बोलायला गेल्या, पण साहेब जीपमध्ये बसलेसुद्धा होते. निजामनं मान हलवली आणि चुन्याचा डबा उघडला. मिशीवाल्यावर पहिला हात मारताना त्याला बरं वाटलं नाही. मग साहेबांच्या मनासारखा जंतू त्यानं काढला. काळाकुट्ट, माणसाएवढा, लालभडक डोळे, बाहेर आलेले सुळे, दहा नख्या. असा जंतू त्यानं काचेखाली कधी पाहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तो न बघितलेली वस्तू रंगवत होता. काम झाल्यावर तो घरी आला आणि जेवला नाही.

काही दिवसांनी बाईंचा पुन्हा निरोप आला, लगेच या. निजाम गेला आणि पाहतो तर काय, काळ्या जंतूच्या कपाळाला कुंकू. पायांशी तांदूळ, जास्वंदीची फुलं, फोडलेला नारळ. समोर वांगणीची भागी हात जोडून उभी. भागी म्हणजे पंचक्रोशीतली जुनी सुईण. अर्धा तालुका तिच्या हातांवर जन्मलेला. तिनं केलं ते बघून आणखीही बायका नारळ घेऊन आल्या होत्या.

"भागीबाई, हे काय मांडलंय?" बाई कपाळाला हात लावून विचारत होत्या.

"काय म्हंजे? तुमीच तर दारात येवडा रागीट देव बसवलाव. त्याला उपाशी ठेवायचा?"

"अहो, देव नाही तो, जंतू आहे! पाण्यातला! त्याला उकळायचाय!"

भागीनं पटकन दोन्ही कानांना हात लावले. "ह्याला उकळू? बाय, डोळं बग त्याचं. माज्या घरावर कोपला म्हंजे तू येशील का सोडवाया? त्यापेक्षा आमी पानी तसंच पितूं आन ह्याला नारळ देतूं."

निजाम स्टुलावर बसला आणि त्याला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी आलं. "बाई," तो कसाबसा म्हणाला, "तिचं काय चुकलं? ह्याला बघून मलासुद्धा उकळायचा धीर होणार नाही."

मग बाईही हसायला लागल्या. हसणं ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "निजामभाई, मिशी परत आणा. साहेबांना काय सांगायचं ते मी बघते."

पण लगेच चुना मारायला निजामचा हात धजेना. समोर फुलं होती, तांदूळ होते. त्यानं भागीला विचारलं, "मावशी, ह्याला इथून हलवायचंय. कसं करू?" भागी पुढे झाली, तिनं फुलं ओटीत घेतली, भिंतीला हात लावून डोक्याला लावला आणि आपल्या बोलीत काहीतरी पुटपुटली. "सांगितलं त्याला," ती म्हणाली, "तुजा मान झाला, आता आपल्या ठिकानी जा. गेला तो. आता मार रंग." नारळाचा प्रसाद सगळ्यांना वाटला. बाईंनीही खाल्ला.

मिशीवाला परत आला. या वेळी निजामनं त्याच्या खांद्यावर उपरणंही टाकलं. भागी सगळा वेळ समोर बसून बघत होती. टोपी पूर्ण झाली तशी ती फस्सकन हसली. "ह्याची मिशी तर आमच्या जावयासारखी हाय! ह्याला उकळते. रोज उकळते."

त्या साहेबांची पुढे बदली झाली. नवे साहेब आले, त्यांनी भिंत पाहिली, आणि मागे जाऊन जीपच्या ड्रायव्हरला उतरवून आणून त्यालाही दाखवली.

ह्या भिंतीमुळे निजामचं नाव झालं, आणि नाव झालं की नवं संकट येतं. जव्हारच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरणार होतं. तिथले विज्ञानाचे शिक्षक मंगळू सर साखरशेतचे, शेतकऱ्याच्या घरातले, तालमीतल्या पहिलवानासारखे दिसायचे आणि अणूबद्दल बोलायला लागले की लहान मुलासारखे व्हायचे. ते निजामच्या घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "निजामभाई, मोठ्या फळ्यावर अणू काढून पाहिजे. मध्ये प्रोटॉन, न्यूट्रॉन, बाहेर फिरणारे इलेक्ट्रॉन."

निजाम खूश होऊन उठला. "चला. कुठे बघायचे?"

"ते दिसत नाहीत."

"डॉक्टरीणबाईंच्या नळीतून?"

"त्यातूनही नाही. इलेक्ट्रॉन आजवर कुणीच पाहिलेला नाही."

निजाम खाली बसला. "रंग?"

"रंग नसतो त्याला."

"बरं, निदान बसतो कुठे, ते तरी सांगा."

मंगळू सरांनी मान खाजवली. "तेच तर आहे. इथेच आहे, असं नक्की नाही सांगता येत. असेल बहुतेक इथे. कदाचित तिथे असेल."

"सर," निजाम अगदी गंभीरपणे म्हणाला, "ज्याला रूप नाही, रंग नाही, ठावठिकाणा नाही, आणि कुणी पाहिला नाही, त्याचं चित्र काढणं आमच्या धर्मातही बसत नाही आणि धंद्यातही बसत नाही."

मंगळू सर खो खो हसले, पण हटले नाहीत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. प्रोटॉन एका स्वभावाचा, इलेक्ट्रॉन विरुद्ध स्वभावाचा, म्हणून एकमेकांची ओढ. न्यूट्रॉनला हे पण नाही आणि ते पण नाही. तो नुसता मध्यभागी असतो, वजनाला.

आतून शहरबानोचा आवाज आला, "म्हणजे आमचे शरीफमामू! लग्नात ना नवरीकडचे, ना नवऱ्याकडचे. जेवायला मात्र मधोमध."

हसणं झालं, पण अडचण तशीच राहिली. निजाम दोन दिवस रिकाम्या फळ्यासमोर बसून होता. एकदा एका न बघितलेल्या वस्तूत त्याचा पाय अडकला होता, पुन्हा तसं त्याला करायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शहरबानो तांदळाचं पोतं ओढून अंगणात घेऊन आली. पोत्याच्या कोपऱ्याला भोक पडलं होतं आणि तांदळाची रेघ घरापासून अंगणापर्यंत आली होती.

"उंदीर," ती म्हणाली.

"तू पाहिलास?"

"कशाला बघायला पाहिजे? भोक दिसतंय, तांदूळ सांडलेत, लेंड्या पडल्यात. उंदीर दिसला नाही म्हणून मांजर आणायचं नाही की काय?"

निजाम उठला आणि चपला न घालताच शाळेकडे निघाला. मंगळू सरांना वर्गातून बाहेर बोलावून त्यानं विचारलं, "सर, तो तुमचा इलेक्ट्रॉन काय काय करतो ते सांगा. कसा दिसतो ते राहू द्या. तो येऊन गेल्याच्या खुणा सांगा."

सर सांगत गेले. निजामनं त्यातलं जे जे बघता येण्यासारखं होतं ते सगळं जाऊन बघितलं. पिठाच्या गिरणीत जाऊन विजेची तार आणि फिरणारा पट्टा पाहिला. दुकानातल्या रेडिओची मागची बाजू उघडायला लावली. शहरबानोच्या केसांतून फणी फिरवून कागदाचे कपटे उचलून पाहिले. केस विस्कटल्यावर तिनं दिलेल्या शिव्याही ऐकल्या. संध्याकाळी गडगडायला लागलं तसा तो गावाबाहेरच्या शिरपामाळावर जाऊन लांबच्या डोंगरावर कोसळणाऱ्या विजा बघत बसला.

प्रदर्शनाच्या दिवशी फळ्यावरचा कपडा काढला आणि सगळे पुढे सरकले. एका बाजूला झगझगीत पेटलेला दिवा होता. दुसऱ्या बाजूला तोंड उघडून गाणारा रेडिओ, वर डोंगरावर वीज, खाली एक बाई फणी हातात घेऊन केस उभे राहिलेली, रागावलेली, आणि तिचं नाक अगदी शहरबानोचं. मधोमध शरीफमामू ताट पुढ्यात घेऊन बसलेले, पोटावर 'न्यूट्रॉन' लिहिलेलं. शेजारी हार घातलेला प्रोटॉन, दाराकडे डोळे लावून कुणाचीतरी वाट बघणारा. आणि त्यांच्याभोवती धुक्यासारखं एक कडं, त्यात काहीच नाही. नुसती एक पाटी, सुंदर वळणदार अक्षरांत: 'इलेक्ट्रॉन आत्ताच इथे होता. पाहिजे असल्यास तिकडे बघावे.' आणि तिकडे बघितलं तर दुसरी पाटी: 'इथे नाही. तिकडेच असेल.'

आधी मुलं हसली, मग मास्तर हसले. मुलं या पाटीकडून त्या पाटीकडे धावत सुटली. खरे शरीफमामूही आले होते. त्यांनी आपलं पोट पाहिलं, वाचून घेतलं आणि विचारलं, "हा न्यूट्रॉन काही वाईट माणूस नाही ना?" मंगळू सर म्हणाले, "मामू, तो आहे म्हणून मधली मंडळी एकत्र राहतात." मामूंनी समाधानानं दाढी कुरवाळली आणि दिवसभर फळ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "हा मीच."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. लोकांना चित्र समजावून सांगायला मंगळू सर उभे होते, पण गर्दी वाढली तसा त्यांचा आवाज पुरेना. तेव्हा शहरबानो पुढे झाली. केस उभे राहिलेली ती बाई आपण आहोत हे तिनं ओळखलं होतं, आणि त्याचा सूड म्हणून तिनं इलेक्ट्रॉनचा आवाज काढायला सुरुवात केली. घाईघाईचा, चिरका, एका जागी न टिकणारा. "आलो आलो! नाही, निघालो! बसतो जरा! नाही नाही, तिकडे बोलावलंय!" नंतर प्रोटॉनची उसासे टाकणारी तक्रार. नंतर न्यूट्रॉनचा ढेकर. लोक चित्र सोडून तिच्याभोवती जमले.

तिथून त्या दोघांचं आयुष्य थोडं वळलं. आश्रमशाळा, दवाखाने, वाड्यांवरच्या शाळा, कुठून ना कुठून बोलावणं यायचं. निजाम भिंत रंगवायचा आणि ती पूर्ण होईपर्यंत शहरबानो लोकांशी बोलत राहायची. त्यांच्याच बोलीत, जंतूंच्या आवाजात. पुढे पुढे लोक विचारायचे, "पेंटर आले नाहीत तर चालेल, पण शहरबानोबाई येणार ना?" निजामला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तो ते हौसेनं सांगायचा.

ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात ती दोघं साखरशेतला गेली होती. नाचणी झोडून झाली होती, माणसं मोकळी होती, खळं शेणानं सारवून लख्ख होतं. शाळेची भिंत रंगवून व्हायची होती आणि खळ्यावर सगळी वाडी जमली होती. पारू नावाच्या एका म्हातारीनं विचारलं, "बाय, येवडासा जंतू, आन येवडं मोठं दुखणं कसं करतो गं?"

"एकटा कुठे असतो तो?" शहरबानो म्हणाली. "ये, दाखवते."

तिनं पारूला हात धरून खळ्याच्या मधोमध आणलं. "ही एक जंतू. पोटभर जेवली. आता काय करते? मधोमध दुभंगते." तिनं पारूच्या शेजारी तिच्या सुनेला उभं केलं. "एकीच्या दोन. आता दोघी जेवल्या. तुम्ही दोघी एकेकीला ओढा." त्यांनी ओढलं. मग त्या चौघींनी आणखी चौघींना ओढलं. बायका लाजत, पदर सावरत, एकमेकींना ढकलत येत गेल्या. मग पुरुषांनाही ओढलं. पोरं तर न ओढताच घुसली. बघता बघता खळं भरलं, आणि तरी शहरबानो ओरडत होती, "जेवले! दुभंगा!" पाय ठेवायला जागा उरली नाही, तसे सगळे एकमेकांना धरून डोलायला लागले. म्हातारी पारू मधोमध हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "आगं थांबा, ह्या सगळ्यांची आय मी हाय!"

शाळेच्या भिंतीपाशी निजाम शिडीवर उभा राहून हे बघत होता. कुणीतरी खालून त्याचा पाय धरला. "पेंटरभाऊ, उतरा! आता दुभंगायला मानूस उरला नाय!" तो हातातला ब्रश तसाच वर धरून खाली उतरला, आणि पुढच्याच क्षणी गर्दीत कुठे गेला ते शहरबानोलाही दिसलं नाही. फक्त निळ्या रंगाचे ठिपके ह्याच्या टोपीवर, तिच्या गालावर, असे उमटत चालले होते, आणि सगळ्या साखरशेतच्या हसण्यात त्याचंही हसू ऐकू येत होतं.